बाळाला रांगतं करताना: पालथं पडण्यापासून उंबरा ओलांडेपर्यंत

देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण एकदा हातात घेऊन नीट बघा. एक गुडघा जमिनीला, एक तळवा जमिनीला आणि दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा उंच धरलेला. अंगाचा भार एका बाजूला गेलाय, म्हणून दुसरा हात मोकळा झालाय. रांगण्यातली खरी मेख हीच. मान ताठ धरणारं, लाथा झाडणारं, हातांत चांगलं बळ आलेलं बाळसुद्धा आठवडेच्या आठवडे जागच्या जागी अडतं ते इथेच. दोन्ही हातांवर भार सारखा असतो, त्यामुळे एकही हात उचलता येत नाही. उचलायला गेलं की नाक सतरंजीत. म्हणून हातपाय हलवायला शिकवण्याच्या भानगडीत फारसं पडायचं नाही. भार इकडून तिकडे सरकवायच्या संधी द्यायच्या, बाकीचं बाळ करतं.

आधी वयाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हात-गुडघ्यांवर रांगण्याची सुरुवात ५.२ महिन्यांपासून १३.५ महिन्यांपर्यंत कधीही होऊ शकते, असं त्यात दिसलं. म्हणजे शेजारचं बाळ सातव्या महिन्यात घर पालथं घालतंय आणि आपलं दहाव्यात अजून बसूनच आहे, तरी दोघंही त्याच पट्ट्यात आहेत. पाहणीतली ४.३ टक्के बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२२ साली विकासटप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं वगळलंही. पण म्हणून ‘मग कशाला खटाटोप’ असं नाही. तळव्यांवर आणि खांद्यांवर भार पेलणं, कंबर स्थिर ठेवून पाय हलवणं, समोर बघत दिशा ठरवणं ही सगळी कसरत रांगण्यात फुकट पदरात पडते. फक्त रांगलं नाही एवढ्याच कारणाने घाबरून जायचं नाही, इतकाच त्या आकड्यांचा अर्थ.

बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. आठ आठवडे आधी आलेलं बाळ कॅलेंडरवर नऊ महिन्यांचं असलं, तरी रांगण्याच्या हिशेबाने ते सात महिन्यांचंच. आजी-काकूंच्या तुलना सुरू झाल्या की हे गणित आठवावं.

क्रम साधारण असा असतो: पालथं झाल्यावर मान उचलणं, कोपरांवर येणं, हात ताठ करून छाती वर उचलणं, पोटावरच घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरणं, बसणं, बसल्याचं पालथं होणं, चार पायांवर येऊन पुढे-मागे डोलणं आणि मग पहिलं पाऊल, खरं तर पहिला गुडघा. एखादी पायरी गाळली तरी बिघडत नाही. पण खालचं काहीच जमत नसताना बाळाला धरून वरच्या पायरीवर बसवलं, तर ते तिथे अडकून राहतं.

जागा

पलंगावर किंवा गादीवर बाळ रांगायला शिकत नाही. गादी दबते, गुडघा रुततो, ढकलायला काही घट्ट मिळतच नाही. शिवाय पडायची भीती, म्हणून घरचे त्याला सतत मध्ये ओढत राहतात. जमीनच हवी. गुळगुळीत टाइल्सच्या फरशीवर मात्र तळवे आणि गुडघे घसरतात; दोन-चारदा हनुवटी आपटली की बाळ धास्तावतं. उत्तम म्हणजे जाड सतरंजी किंवा घट्ट विणीची गोधडी, साधारण सहा फूट बाय चार फूट. तिच्या खाली न घसरणारं काहीतरी हवं. योगासनांची रबरी मॅट चालते. कोडं जुळवल्यासारखी जोडायची फोमची चटई घेतली असेल, तर कडेचे छोटे तुकडे काढून टाका. ते सुटतात आणि पहिल्यांदा तोंडात जातात. मऊ दुलई नको, ती गुडघ्यांत गोळा होते.

फरशी फिनेलने पुसली असेल, तर नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवा. रांगणाऱ्या बाळाचे तळवे दर मिनिटाला तोंडात जातात.

कपड्यांचं महत्त्व बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लांब झबलं किंवा फ्रॉक गुडघ्याखाली अडकतो. बाळ पुढे जायला बघतं, कापड मागे ओढतं, आणि घरचे म्हणतात ‘याला जमत नाही’. सरावाच्या वेळी आखूड झबलं आणि लंगोट किंवा पातळ चड्डी, बस्स. गुडघे आणि पावलं उघडी. मोजे नकोतच, पायाचा अंगठा जमिनीत रोवता येणं हीच पुढे सरकायची किल्ली. थंडीत फुल पॅंट घालायचीच असेल तर ती घट्ट, न घसरणाऱ्या कापडाची निवडा, पावलं तेवढी उघडी ठेवा. ओला, फुगलेला डायपर दोन मांड्यांमध्ये उशी ठेवल्यासारखा असतो, गुडघे पोटाखाली येऊ देत नाही. सरावाआधी तो बदला.

मालिश केल्यावर लगेच जमिनीवर सोडत असाल तर तळहात, गुडघे आणि पावलं कोरड्या पंचाने पुसून घ्या. तेलकट हातांनी फरशीवर कुणालाच जोर लावता येत नाही. मनगटातल्या काळ्या मण्यांचा दोरा आणि गळ्यातला ताईत काढून ठेवा. गळ्यातलं काहीही रांगताना खुर्चीच्या पायाला किंवा कपाटाच्या मुठीला अडकू शकतं. वाळ्यांची घुंगरं सैल झालेली नाहीत ना, तेही बघा.

पहिली पायरी: पालथं ठेवणं

झोपताना बाळ पाठीवरच असावं, याबद्दल आता दुमत नाही. त्यामुळे जागेपणी पोटावर घालवलेला वेळ मुद्दाम द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःहून हालचाल न करणाऱ्या लहान बाळाला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं, जागं असताना आणि कुणीतरी समोर असताना, पालथं ठेवायला हवं. एका दमात ३० मिनिटं कुणी करत नाही. तीन ते पाच मिनिटांचे सहा-आठ डाव करा. वेळ कोणती? झोप काढून उठल्यावर, डायपर बदलल्यावर. दूध किंवा पेज पोटात गेल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर सगळं बाहेर. अंघोळीनंतर बाळ पेंगतं, तेव्हाही नको.

पालथं ठेवलं की रडारड सुरू होते, तेव्हा बहुतेक वेळा कारण साधं असतं. कोपरं खांद्यांच्या मागे राहिलेली असतात. हात अंगाखाली किंवा मागे असले की बाळाला मान उचलायला आधारच मिळत नाही. त्याचे दोन्ही हात हलकेच पुढे आणा, कोपरं खांद्यांच्या सरळ खाली किंवा किंचित पुढे. तरीही तग धरत नसेल तर पंचाची घट्ट गुंडाळी करा, आपल्या मनगटाएवढी जाड. ती छातीखाली, काखांच्या रेषेत ठेवा आणि हात गुंडाळीवरून पुढे येऊ द्या. पोटाखाली ठेवलीत तर उलटंच होईल, डोकं खाली जाईल. आठवड्याभरात गुंडाळी थोडी बारीक करा, मग काढून टाका.

खाली अजिबातच राहत नसेल तर आपण उताणं पडून बाळाला आपल्या छातीवर पालथं घ्या. आपण पाठीमागे लोड घेऊन जितके उठून बसू तितकं त्याला सोपं. जितके सपाट होऊ तितकं अवघड. ही चढण रोज थोडी कमी करत जायची.

हात ताठ करून छाती उचलता येऊ लागली की पुढचा खेळ: खेळणं समोर न ठेवता बाजूला, त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर ठेवायचं. ते घ्यायला एका हातावर रेलावं लागतं. इथेच लोण्याचा गोळा पहिल्यांदा हाती लागतो. डाव्या बाजूला जितक्या वेळा ठेवलंत तितक्याच वेळा उजव्या बाजूलाही ठेवा. मग ते खेळणं हळूहळू कमरेच्या दिशेने सरकवत न्या, म्हणजे बाळ पोटावर गोल फिरू लागेल. गोल फिरणारं बाळ रांगण्याच्या अगदी दाराशी आलेलं असतं.

दुसरी पायरी: बसल्याचं खाली येणं

घरात सगळ्यांत जास्त चूक होते ती इथे. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळाला लोड-तक्क्यांच्या गराड्यात बसवलं जातं. दिसतं गोड, फोटोही छान येतात. पण असं बसवलेलं बाळ स्वतः बसलेलं नसतं, त्यामुळे स्वतः उठताही येत नाही. सगळी खेळणी मांडीवर आणून दिली जातात, मग ते हलेल कशाला? अशी बाळं नवव्या-दहाव्या महिन्यात दगडी गणपतीसारखी बसलेली दिसतात आणि खाली वाकवलं की रडतात.

उपाय असा. बाळ आधाराशिवाय बसतंय, आपण त्याच्या मागे गुडघ्यांवर. आवडतं खेळणं त्याच्या उजव्या नितंबाच्या बाजूला, किंचित पुढे, हात पूर्ण लांबवला तरी दोन बोटं कमी पडतील इतक्या अंतरावर ठेवा. ते उजवा तळवा जमिनीवर टेकेल. आता आपला डावा हात त्याच्या डाव्या कमरेवर ठेवून हलकेच उजवीकडे आणि पुढे वळवा. डावा गुडघा आपसूक फिरून खाली येतो, डावा हातही जमिनीवर टेकतो आणि बाळ चार पायांवर आलेलं असतं. तिथे दोन-तीन सेकंद कमरेला धरून थांबू द्या, मग पोटावर येऊ द्या किंवा त्याच वाटेने परत बसवा. पाच वेळा उजवीकडून, पाच वेळा डावीकडून, दिवसातून दोन-तीनदा.

एक पथ्य मात्र कडक पाळा: हाताला धरून ओढायचं नाही. हात ओढला की बाळ खांदे आवळतं आणि भार आपल्यावर टाकतं. मदत नेहमी कमरेला.

तिसरी पायरी: चार पायांवर टिकणं

जमिनीवर पाय पसरून बसा. बाळाला एका मांडीवर आडवं, पोटावर घ्या: दोन्ही तळवे मांडीच्या एका बाजूला जमिनीवर, दोन्ही गुडघे दुसऱ्या बाजूला. बाळाच्या दंडाच्या मानाने मांडी उंच पडत असेल तर पोटरीवर घ्या. पोटाला आधार मिळाला की हात-गुडघ्यांवर थोडाच भार येतो. गुडघे कमरेच्या सरळ खाली आहेत ना बघा. ते फाकून बाजूला जात असतील तर आपल्या हाताने दोन्ही मांड्या बाहेरून हलकेच आत धरा. मग आपला पाय इंचभर पुढे-मागे डोलवा. मिनिटभराने थांबा. दोन-चार दिवसांत बाळ स्वतःच डोलायला लागतं. घरातली मोठी माणसं ‘घोडा घोडा’ म्हणून हसतात, पण हे डोलणं म्हणजे भार हातांवर, भार गुडघ्यांवर, असा बाळाचा स्वतःचा रियाज असतो. यात त्याला उचलू नका.

दुसरा प्रकार ओढणीचा किंवा सुती पंचाचा. साधारण सहा इंच रुंदीची घडी करून ती छातीच्या खालून पोटापर्यंत घ्या, दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरा. किती उचलायचं हे नीट समजून घ्या: पोट जमिनीपासून जेमतेम सुटावं एवढंच. गुडघे किंवा तळवे हवेत आले तर तो झोपाळा झाला, सराव नव्हे. पट्टा मानेकडे किंवा काखेत सरकू देऊ नका. एका वेळी एक-दोन मिनिटं पुरे. बाळ हात टाकून लोंबकळू लागलं की दमलंय असं समजा.

चौथी पायरी: पुढे सरकणं

आता समोर काय ठेवायचं, हा प्रश्न. महागड्या खेळण्यांची गरज नाही. स्टीलची वाटी आणि चमचा, लाकडी खुळखुळा, पारदर्शक बाटलीत मूठभर राजमा घालून घट्ट बंद करून वरून टेप गुंडाळलेली. वाटी विशेष चांगली, कारण ती चमकते, वाजते आणि ढकलली की थोडी सरकते. फार सरकणारी वस्तू मात्र सुरुवातीला नको. चेंडू हात लागताच पळतो आणि बाळाचा हिरमोड होतो. सगळ्यांत मोठं आमिष म्हणजे माणसाचा चेहरा. समोर पालथं पडून, बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर चेहरा आणून बोला. उभं राहून टाळ्या वाजवल्या की ते मान वर करतं आणि मागे बसकण मारतं. मोबाइल समोर धरला तर बाळ पडद्याकडे बघत जागीच थिजतं, म्हणून तो खेळात आणूच नका.

वस्तू एक फुटावर ठेवा. बाळ पोहोचलं की त्याला ती मिळालीच पाहिजे. हात लागणार तेवढ्यात आणखी पुढे सरकवायची खोड बऱ्याच जणांना असते. दोन-तीनदा असं फसलं की बाळ प्रयत्न सोडतं. मिळू द्या, अर्धा मिनिट चघळू द्या, मग दुसरी वस्तू दीड फुटावर.

पोट जमिनीला लागलेलं असेल आणि पाय नुसते हवेत झाडत असतील, तर त्याच्या मागे बसा आणि दोन्ही तळहात त्याच्या तळपायांमागे भिंतीसारखे ठेवा. ढकलू नका. बाळ स्वतः पाय ताठ करून आपल्या हातावर रेटा देतं आणि पुढे जातं. आपण ढकललं तर छाती घासत पुढे जाईल, पण रेटा कुठून द्यायचा हे कळणार नाही. चार पायांवर असेल तर एकेका पायामागे आलटून पालटून हात ठेवा.

सपाटीवर अडलं असेल तर किंचित उतार करून बघा. जुनी घट्ट गादी किंवा जाड मॅट एका टोकाला तीन-चार इंच उचलून भक्कम आधार द्या, बाळ वरच्या टोकाला, तोंड उताराकडे. उतारावर भार आपोआप हातांकडे जातो आणि गुडघा पुढे घ्यावाच लागतो. हात मात्र छातीजवळ तयार ठेवा. उलट, जे बाळ पोटावर सैनिकासारखं भराभर सरपटतं पण पोट उचलत नाही, त्याच्या वाटेत एक कडक उशी किंवा गुंडाळलेली गोधडी आडवी टाका. ती ओलांडायची तर पोट उचलावंच लागतं.

अडतं कुठे, आणि का

मागे जातं: अगदी नेहमीचं. हात पायांच्या आधी बळकट होतात, त्यामुळे रेटा हातांनी बसतो आणि गाडी मागे जाते. खेळणं लांब जातंय हे बघून बाळ चिडतं. तळपायांमागे हात ठेवायची युक्ती इथे लागू पडते. सोफ्याखाली किंवा पलंगाखाली जाऊन अडकणार नाही एवढं बघा.

बूड घासत सरकतं: काही बाळं बसूनच एका हाताने रेटत घरभर फिरतात. अनेकदा आई किंवा बाबाही लहानपणी असंच करत होते, असं विचारल्यावर कळतं. अशी बाळं चालायला थोडी उशिरा लागतात. पालथं ठेवण्याचे खेळ चालू ठेवा, पण त्याच्या मागे हात धुऊन लागू नका. त्याचं काम होतंय.

एकच पाय वापरतं: एक गुडघा खाली आणि दुसरं पाऊल टेकवलेलं, असं लंगडत रांगणारी बाळं असतात. बाजू अधूनमधून बदलत असेल तर चिंता नाही. पण नेहमी एकच बाजू ओढली जात असेल, त्या बाजूची मूठ सतत आवळलेली असेल, किंवा वर्षाच्या आतच बाळ कायम एकाच हाताने वस्तू घेत असेल, तर थांबायचं नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

रांगत नाही, थेट उभं राहायला बघतं: सतत कडेवर किंवा उभं धरून नाचवण्यात वेळ जात असेल तर असं होतं. सोफ्याला धरून उभं राहू द्या, पण तिथून खाली बसायलाही शिकवा. एका गुडघ्यावर आणून हलकेच खाली.

आणि वॉकर. आजीच्या वेळचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो उभं राहता येणारं मूल मागून ढकलतं. बाळाला आत बसवून चाकांवर सोडायचा वॉकर ही भलतीच वस्तू आहे. त्यात बाळ लोंबकळतं, चवड्यांवर रेटतं, हातांवर भार येतच नाही, आणि जिन्यावरून गडगडायला किंवा गरम आमटीच्या पातेल्यापर्यंत पोहोचायला दोन सेकंद पुरतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. भेट म्हणून आला असेल तर माळ्यावरसुद्धा ठेवू नका, कुणीतरी काढतंच.

बाउन्सर, कार सीट, झोळी, पाळणा यांतला जागेपणीचा वेळही मोजून बघा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, बाळाला एका जागी जखडून एका वेळी तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. दुपारभर झोळीत आणि संध्याकाळभर कडेवर असलेल्या बाळाला रांगायला वेळ कधी मिळणार?

घर बाळाच्या उंचीवरून बघा

बाळ चार पायांवर डोलायला लागलं की पंधरा दिवस हाताशी आहेत असं धरून चाला. स्वतः गुडघ्यांवर बसून घरातून एक फेरी मारा. उभं असताना न दिसलेलं बरंच काही दिसेल: पलंगाखालचं औषधाचं पाकीट, टीव्हीमागचं वायरचं जाळं, डास मारायच्या लिक्विडचं प्लगमध्ये लावलेलं यंत्र, टेबलक्लॉथचं लोंबणारं टोक.

सगळ्यांत आधी बाथरूम आणि मोरी. नळाला पाणी ठरावीक वेळी येतं अशा घरांत भरलेल्या बादल्या असतातच. बादलीत डोक्याने पडलेलं बाळ स्वतः वर येऊ शकत नाही, तळाशी वीतभर पाणी असलं तरी ते जीवघेणं. बादल्या रिकाम्या किंवा घट्ट झाकणाच्या, आणि दाराला बाहेरून कडी. देव्हारा जमिनीलगत असेल तर समई, निरांजन, काडेपेटी, उदबत्ती आणि कापूर वर हलवा. विळी उभी करून भिंतीला टेकवून ठेवायची सवय मोडा. रिमोट आणि वाजणाऱ्या खेळण्यांतले गोल चपटे बटन-सेल गिळले गेले तर अन्ननलिका भाजते. झाकण स्क्रूने बंद आहे का बघा, आणि गिळल्याची शंका जरी आली तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

संक्रांतीनंतर ज्यांच्याकडे बोरन्हाण झालंय त्यांच्यासाठी: हलवा, शेंगदाणे, बोरं, हरभरे सोफ्याखाली, सतरंजीच्या घडीत, दारामागे आठवडाभर सापडत राहतात. बाळाच्या डोक्यावरून ओतलेलं तेच चार दिवसांनी त्याच्या घशात अडकू शकतं. कार्यक्रम अंगणात किंवा मोठ्या चादरीवर करा, चादर चारही कोपरे धरून उचला आणि नंतर झाडून काढा.

कधी दाखवायचं

नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नाही. वर्ष होत आलं तरी सरपटून, लोळून, बूड घासून कसंच एका जागेवरून दुसरीकडे जात नाही. उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात किंवा अंग कापडासारखं लुळं पडतं. आधी येत होतं ते आता येईनासं झालंय. यांतलं काहीही दिसलं तर ‘आपोआप येईल’ म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञ जवळ नसतील तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगा. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीच्या टप्प्यांची पानं असतातच, ती त्यांच्यासोबत बसून बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची सोय आहे. जाताना बाळाच्या हालचालीचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून न्या. तपासणीच्या टेबलावर बहुतेक बाळं रडण्यापलीकडे काही करून दाखवत नाहीत.

रांगायला लागल्यावर

पहिल्या आठवड्यात गुडघे लाल होतात, तळवे काळे होतात. साध्या पाण्याने धुवायचे, कातडी सोलली असेल तरच तेवढे दिवस गुडघे झाका. रात्रीची झोप विस्कटते, अनेक बाळं झोपेतच चार पायांवर उठून बसतात आणि घाबरून रडतात. हलकेच आडवं करून थोपटायचं.

आणि याच आठवड्यापासून उतरायला शिकवायचं. पुढे जाता यायला लागलेलं बाळ उंबऱ्यावरून, पायरीवरून, पलंगाच्या कडेवरून डोकं पुढे करूनच जातं. प्रत्येक वेळी कडेशी आलं की त्याला पोटावर वळवा, पाय कडेबाहेर काढा आणि ‘आधी पाय’ असं म्हणत कमरेला धरून खाली सरकू द्या, तळपाय जमिनीला टेकेपर्यंत. आधी उंबऱ्यावर, मग जमिनीवर टाकलेल्या गादीच्या कडेवर, मग जिन्याच्या सगळ्यांत खालच्या एका पायरीवर. दिवसातून दहा वेळा तेच शब्द, तीच कृती. दोन-तीन आठवड्यांत कडेशी आल्यावर बाळ थबकतं, मागे वळून तुमच्याकडे बघतं आणि बूड फिरवायला लागतं. जिन्याची जाळी मात्र तोवर आणि त्यानंतरही बंदच.